पुढच्या सायकलीची घुंगरं

"पुढं हो, दिगू. आणि सारखं मागं वळून बघू नकोस. लेक सासरी धाडायला निघालायस का?"

दाजींनी चष्मा काढला, रुमालानं दोन्ही काचा निगुतीनं पुसल्या, उजेडाकडं धरून पाहिल्या आणि परत नाकावर चढवला. मग हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवला. हा सगळा सोहळा फाटकाशी, शैलाताईच्या डोळ्यांदेखत व्हायचा. दर रविवारी अगदी असाच. ताई पायरीवर उभी राहून बघायची आणि म्हणायची, "लवकर या. रस काढून ठेवते."

रस गाजराचा. कुणा वैद्यानं तिला सांगितलं होतं. तेव्हापासून ती रोज सकाळी गाजरं किसायची, फडक्यातून पिळायची आणि दाजी नाक न मुरडता प्यायचे. "पुढचा जन्म सशाचा आहे माझा," म्हणायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सुहास खर्डे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. आमच्या भागात पाटाचं पाणी कुठल्या चारीला कधी सुटतं आणि कुठल्या वळणावर कोण चोरून घेतं, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. अंगात हौस दांडगी. चाळिशीत त्यांनी डोंगरावर चालवायची ती जाड टायरांची सायकल घेतली आणि खात्यातल्या दोघांबरोबर अकोले तालुक्यातले घाट तुडवायला लागले. मग एके दिवशी उतारावर बाजूचा दगडच दिसला नाही म्हणून पडले, आणि डॉक्टरांकडं गेल्यावर कळलं की डोळ्याचा पडदा कडेकडेनं सुकत चाललाय. यावर औषध नाही. कडेचं जाईल, मग हळूहळू मधलंही जाईल. कधी, ते सांगता येत नाही.

नोकरी त्यांनी वेळेआधी सोडली. डोंगर सुटला. सायकल मात्र सोडेनात. ताईनं एकच अट घातली, "समोरचं दिसतंय तोवर जा. पण सपाटीवर, आणि दिगूला पुढं घालून. ज्या दिवशी समोरचं दिसणार नाही त्या दिवशी सायकल भंगारात."

म्हणून माझी वर्णी लागली. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. आठवडाभर शेतकऱ्यांच्या जळक्या मोटारींत डोकं घालायचं आणि हक्काच्या रविवारी झोपायचं, एवढीच माझी आयुष्याकडून मागणी होती. पण दाजींची जुनी सायकल माझ्या गळ्यात पडली आणि माझ्या पोटाकडं बघून ताई म्हणाली, "तुलाही बरंच आहे."

आमचा मुलूख म्हणजे पोळपाट. चेंडू ठेवला तर जागचा हलणार नाही. पाटाच्या भरावावरचा मातीचा रस्ता, त्यातून फुटणाऱ्या पांदणी, दोन्ही बाजूला ऊस, मधेच गहू, घासाचे वाफे. एवढ्या गुळगुळीत रानात आम्ही दोघं डोंगरी सायकली घेऊन हिंडायचो, म्हणजे लोकांना फुकटची करमणूक. "सायब, हिला मडगाड का न्हाई?" "केवढ्याला पडली? आवो, तेवढ्यात जुनी मोटरसायकल आली असती!" "डोंगर राहिला की घरीच!" दाजी सगळ्यांना हसून उत्तर द्यायचे. मी मान खाली घालून पायडल मारायचो.

माझ्या सीटखाली घुंगरमाळ बांधलेली असायची. बैलांच्या गळ्यात असते तसली, पितळी घुंगरांची. गणपतीनंतर ताईनं बाजारातून आणली आणि स्वतःच्या हातानं बांधली. "शेळ्या, कुत्री आडवी येतात. आवाज असावा." मला वरातीतल्या घोड्यागत वाटायचं, पण ताईपुढं माझं कधी काही चाललंय? दाजींना मात्र माळ आवडली. "वाजत राहिली की अंतर कळतं," म्हणाले.

मी सांगतोय तो रविवार संक्रांतीनंतरचा. ऊसतोडीचा ऐन हंगाम. बीडकडच्या टोळ्या पाचटाच्या कोप्या घालून बसल्या होत्या, आणि सगळ्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या. दाजी त्या दिवशी खुशीत होते.

"पुढं बाभळीपाशी थांबू रे. पाणी पिऊ."

"दाजी, बाभूळ तोडून पंधरा दिवस झाले."

"अरे, हो की." ते हसले. "वीस वर्षं तिच्याखाली डबा खाल्लाय. डोळ्यांत तीच बसलीय."

मीही हसलो. ओंडक्यावर बसून पाणी प्यालो. त्यांचा मोबाइल माझ्या पाठपिशवीत होता, खिशात टोचतो म्हणून. दाजींनी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "दिगू, तुझ्याशी एक बोलायचं होतं."

"बोला की."

"चालता चालता बोलू. बसल्यावर नाही जमत."

आम्ही निघालो. सायकलवर काय बोलणं होणार? मी पुढं, ते मागं, मधे घुंगरं. मी विसरूनही गेलो.

सात नंबरच्या चारीशी रस्ता उसाच्या कोपऱ्यावरून वळतो. वळलो आणि माझं पुढचं चाक रुतलं. कुणीतरी रात्री चारी फोडली होती आणि पाणी पांदणीवर पसरून सगळा राडा झाला होता. आमची काळी माती भिजली की ती माती राहत नाही, पाहुण्यासारखी चिकटते. चार पावलांत दोन्ही चाकं फिरायची बंद झाली. घुंगरांत चिखल भरला आणि तीही मुकी झाली. मी ओरडलो, "दाजी, थांबा! चिखल आहे!" पण तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, डेकवर गाणी लावलेली, सगळं रान हादरवत. मी पुन्हा ओरडलो. मग सायकल खांद्यावर टाकली, राड्यातून पलीकडच्या बांधावर आलो आणि काटकीनं चाकं खरवडायला बसलो. दाजी कोपऱ्यापाशी थांबले असतील, समोर चिखल दिसेलच, असं मनात. चाक फिरायला लागल्यावर कडेकडेनं परत आलो.

कोपऱ्यावर कोणी नव्हतं.

"दाजी?"

उसाची पानं तेवढी सळसळली. आमचं रान सपाट खरं, पण उसाचा हंगाम असला की त्या सपाटीचा काडीचा उपयोग नाही. दोन्ही बाजूला हातभर पलीकडचं दिसत नाही. मी हाका मारत मागं बाभळीच्या ओंडक्यापर्यंत गेलो. नव्हते. परत आलो. आणि मग पाटाकडं लक्ष गेलं.

आवर्तन सुरू होतं. पाट काठोकाठ भरून वाहत होता, गढूळ. कडेचं दिसत नसलेला माणूस आणि कठडा नसलेला भराव. बघायची हिंमत होईना आणि न बघून भागेना. मी पाण्यात बघत काठानं पळत सुटलो. एक पांढरं काही वाहत आलं तेव्हा मी काठावरून खाली वाकलो. खताची पिशवी होती.

पाठपिशवीत मोबाइल वाजला. दाजींचा. ताईचा फोन.

मी तो तसाच हातात धरून उभा राहिलो. बंद झाला. पुन्हा वाजला. घेतला.

"कुठवर पोचलात?" ताईनं विचारलं.

"सात नंबरच्या चारीवर."

"त्यांना दे जरा."

"ते... लघवीला गेलेत उसात."

 तिच्या मागं स्वयंपाकघरातला नळ वाहताना ऐकू येत होता. मग म्हणाली, "घुंगरं वाजतायत ना रे तुझी?"

"वाजतायत की," मी म्हणालो. माझ्या सीटखाली चिखलाचा गोळा लोंबत होता.

फोन ठेवला आणि मला रडू आलं. बायामाणसांसारखं नाही, लहान पोरासारखं, उभ्या उभ्या. त्या वेळी तिथं एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. तिनं मला खालून वर न्याहाळलं.

"काय हारवलं रं?"

"एक माणूस बघितला का आजी? चष्मा आहे, डोक्याला हेल्मेट, अशीच सायकल."

"टोपडंवाला? गेला की तो गाडीमागं."

"कुठल्या गाडीमागं?"

"उसाच्या. बैलगाडीमागं. कारखान्याच्या रस्त्यानं. सायकल हातात धरून चालला व्हता. मी म्हनलं, राम राम. तर म्हनला, राम राम, आन् गेला. गुणाचा दिसतोय." तिनं हातातली काठी कारखान्याच्या दिशेला रोखली. "तू कामून रडतो?"

जिवात जीव आला आणि मग रागही आला. हा माणूस मला इथं पाटात डोकावायला लावून खुशाल चालत कारखान्यावर निघालाय! मी सायकलवर बसलो. धुळीत खुणा स्पष्ट होत्या. गाडीच्या दोन रबरी चाकांचे पट्टे, मधे बैलांच्या खुरांचे ठसे, आणि त्यांच्यावरून जाड टायरची एक नक्षीदार रेघ, बाजूला बुटाचे ठसे. पंक्चर झाली असेल, मी मनाशी म्हणालो. पण मग माझ्याकडं का नाही आले?

अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात एक गोष्ट आली. रस्ता चांगला रुंद होता. एकीकडं मोकळी, स्वच्छ कड होती. पण ती टायरची रेघ गाडीच्या दोन पट्ट्यांच्या मधून एकदाही बाहेर पडली नव्हती. ताज्या शेणाच्या पोवर ठसा होता. गाडीतून पडलेल्या उसावरूनही चाक तसंच गेलं होतं. बुटाचा एक ठसाही शेणात होता, अख्खा. दाजी बुटांना इतके जपायचे की मी त्यांना त्यावरून चिडवायचो.

माझा राग तिथंच कुठंतरी गळून पडला. मी जोरात पायडल मारायला लागलो.

कारखान्याच्या आवारात गाड्यांचा समुद्र होता. ट्रॅक्टर एका बाजूला, बैलगाड्या एका बाजूला. नंबर लागेपर्यंत बैल सोडलेले, कुणी चारा टाकतंय, कुणी चूल पेटवतंय. आणि प्रत्येक बैलाच्या गळ्यात घुंगरं. बैल मान हलवत होते, माश्या वारत होते आणि चहूकडून नुसता खळखळाट चालला होता.

त्याच्या मधोमध दाजी उभे होते. सायकल हातात घट्ट धरलेली. मान इकडं वळायची, तिकडं वळायची, परत इकडं. एक पाऊल टाकायचे आणि मागं घ्यायचे. चष्मा नाकावर होता. त्यांच्यापासून चार हातांवर मी सायकल घेऊन उभा राहिलो, थेट समोर. माझ्याकडं बघत होते आणि मान फिरवून पलीकडं बघायला लागले.

मला हाक मारता येईना. 

"तुमचे हायेत का ह्ये?" एका गाडीवानानं माझ्या खांद्याला हात लावून बाजूला घेतलं. काळासावळा, डोक्याला मफलर, माझ्याच वयाचा. त्याचं नाव भागवत. "मह्या गाडीमागं आले पाटापासून. मी आधी म्हनलं, सायब, पुढं जायचं तं जा, रस्ता मोकळाय. तं म्हन्ले, चल तू दिगू, मी मागंच हाये. मी कशाचा दिगू? पर गप ऱ्हायलो. म्हनलं आसंल काही."

"मग?"

"मग बोलाया लागले." भागवतनं दाजींकडं पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मी आडवायला पायजे व्हतं. पर मानूस इतक्या आतून बोलायला लागल्यावं मधी तोंड घालवंना. म्हन्ले, दिगू, गनपतीपासून काहीच दिसंना झालंय. उजेड आन् आंधार, बास. तुझ्या ताईला कळू द्यू नको. ती गाजरं किसती तवर तिला आशा हाये. तेवढी राहू दे. आसं म्हन्ले. दोन येळा म्हन्ले. मी काय बोलनार? हूं म्हनलं." त्यानं मफलरनं तोंड पुसलं. "तुमीच का दिगू?"

मी मान हलवली.

"मंग तुमाला सांगितलं, आता माझ्याकडं काही न्हाई," तो म्हणाला आणि बैलांपुढं उसाचं वाढं टाकायला गेला.

गणपती म्हणजे भाद्रपद. आता पौष. इतके महिने हा माणूस माझ्या मागून सायकल चालवत होता. रुमालानं काचा पुसत होता. उजेडाकडं धरून बघत होता. मी पुढं पोट हलवत मनातल्या मनात झोपेचा हिशेब करत होतो.

मी त्यांच्याजवळ गेलो आणि हँडलला हात लावला. "दाजी."

त्यांचा सगळा देह सैल पडला. "आलास? अरे, किती आवाज हा. कुठं आणलंस मला?"

"पुढं चिखल होता. म्हणून कारखान्यावरून फिरवलं."

त्यांनी जवळच्या बैलाच्या घुंगरांकडं कान दिला. मग हळूच विचारलं, "पाटापासून तूच होतास ना रे पुढं?"

भागवत वाढं टाकता टाकता थांबून आमच्याकडं बघत होता.

"मीच होतो," मी म्हणालो. "दुसरं कोण असणार?"

"मग ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं, दाजी."

"मग झालं." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "तुझ्याजवळच ठेव."

घरी ताई पायरीवरच होती. दाजी आत हातपाय धुवायला गेले, मोरीपर्यंत भिंतीला बोटं लावत, ज्या सवयीला आम्ही इतके दिवस चाळा समजत होतो. ताईनं माझ्या सायकलीकडं पाहिलं. खाली बसली. सीटखालून घुंगरमाळ सोडवली, केसातला आकडा काढला आणि एकेका घुंगरातला वाळका चिखल टोकरायला लागली. एक साफ झालं की हलवून बघायची, मग दुसरं.

"ताई," मी म्हणालो, "रस्ता फार खराब झालाय. काही दिवस नको जायला."

"कुठं सापडले?"

मी बुटांचा चिखल पायरीला घासायला लागलो.

"सात नंबरला गाड्यांचा रस्ता फुटतो," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्याच डोक्यात आलं नाही. घुंगरं आणताना हंगामाचा विचार करायला पाहिजे होता."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी तिच्याशेजारी पायरीवर टेकलो. "तुला माहीत आहे?"

"गणपतीत आरतीला ताट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ओवाळायला सुरुवात केली ती भिंतीकडं तोंड करून. सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. मी पाटासकट मूर्ती सरकवली, त्यांच्या समोर." तिनं आकड्यावरची माती पदराला पुसली. "त्यांना वाटतं मला कळलं नाही. वाटू दे. मला कळलंय म्हटल्यावर मला अट पाळावी लागेल. सायकल आहे तोवर माणूस उभा आहे, दिगू. ती काढून घेतली की बसेल, आणि बसला की उठायचा नाही."

"आणि गाजरं?"

"गाजरं काय, किसते. मी थांबले तर त्यांना कळेल ना."

आतून दाजींची हाक आली, "शैला, रस कुठं आहे?" ताई लगबगीनं उठून गेली. मी एकटा पायरीवर बसलो. त्यांनी तिला सांगायचं नाही आणि तिनं त्यांना सांगायचं नाही. दोघांनी आपापलं गाठोडं माझ्याजवळ आणून ठेवलं आणि गाठ सोडू नको म्हणून बजावलं. मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस. जळलेली कॉइल काढायची, नवी गुंडाळायची. इथं काय गुंडाळणार होतो?

पुढच्या रविवारी मी ताप आल्याचं सांगून बघितलं. ताई घरी येऊन कपाळाला हात लावून गेली आणि म्हणाली, "चल ऊठ."

सीटखाली घुंगरं नव्हती. त्यांच्या जागी तिनं स्टीलच्या दोन वाट्या बांधल्या होत्या. कडेला खिळ्यानं भोकं पाडून, सुतळीत ओवून, एकमेकींवर आपटतील अशा.

"हे काय?" मी म्हणालो.

"बैलाच्या गळ्यात वाट्या कुणी बांधत नाही," ताई म्हणाली.

दाजींनी फाटकाशी चष्मा पुसला, उजेडाकडं धरला. ताई बघत होती. मला कुणाकडंच बघवेना. मी निघालो. वाट्या खणखणायला लागल्या, पंगतीत वाढपी घाईत असल्यासारख्या. दाजी मागून आले. आम्ही पाटाच्या भरावावर चढलो. बाभळीच्या ओंडक्यापाशी त्यांनी ब्रेक मारलेला ऐकू आला.

"थांब, दिगू."

मी थांबलो.

"वाट्या ना या?"

"हो."

"आमच्या लग्नातल्या. रुखवतातल्या आहेत. पातळ पत्र्याच्या, असाच आवाज आहे त्यांचा." ते ओंडका चाचपत बसले. "घुंगरं का काढली तिनं?"

मी उत्तर शोधत राहिलो. तुटली, हरवली, गंजली. पितळ गंजतं का? एकही धड थाप सुचेना, आणि जितका वेळ जात होता तितकं त्यांना उत्तर मिळत होतं.

"म्हणजे तिला ठाऊक आहे," ते म्हणाले.

पाटात पाणी नव्हतं. आवर्तन संपलं होतं. तळाला बगळे हिंडत होते. त्यांनी ते ऐकले असतील कदाचित.

"दाजी, ठाऊक असूनही ती तुम्हाला पाठवतेय. मग काय झालं? उलट बरंच आहे. आता मोकळेपणानं चालवा."

"मला भीती वाटते रे," दाजी म्हणाले.

"कसली?"

"सायकलीची. गणपतीपासून. शनिवारी जेवण जात नाही. पुढं तुझी घुंगरं आणि आजूबाजूला नुसतं काळं. पाटाचं पाणी डाव्या कानाला लागतं तेवढ्यावर चालवायचं." त्यांनी हात गुडघ्यांवर उताणे ठेवले होते. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की तळव्यांना हँडल आवळून घट्टे पडलेत.

"मग कशाला येत होतात?"

"मी सायकलवर बसलो की तिला वाटतं, अजून दिसतंय." ते हसायला गेले. "तिला वाटायला पाहिजे होतं. आता कुणासाठी जाऊ?"

ती तुमच्यासाठी पाठवत होती, हे मला सांगता आलं असतं. ओठांवर आलं होतं. पण ते सांगून काय होणार होतं, ते मला कळेना. त्यांनीच उठून सायकल वळवली, घराच्या दिशेला. वळवताना चाक ओंडक्याला लागलं. मी हात पुढं केला आणि मागं घेतला.

"चल," ते म्हणाले. "चालत जाऊ."

आम्ही चालत निघालो. मी पुढं, ते मागं. वाट्या चालण्यानं हळू वाजत होत्या, एक ठोका, मग थांबून दुसरा. वाटेत एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "काय सायब, डोंगर आला वाटतं!" दाजींनी त्याला हात केला.

आमच्या गल्लीत वळलो तेव्हा ताई दारात येऊन उभी होती. वाट्यांचा आवाज तिला लांबूनच लागला असणार, आणि वेळेच्या फार आधी. हातात किसणी होती, बोटं गाजरानं केशरी झालेली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

दाजींनी सायकल भिंतीला टेकवली. हेल्मेट काढलं. मग चष्मा काढला, न पुसता त्याची घडी घातली आणि ताईचा हात चाचपून तिच्या हातात दिला.

"शैला, गाजरं किसू नकोस आता."

ताई चष्मा हातात धरून उभी राहिली. आवाज तिनं नेहमीचाच काढला.

"आजची किसून झालीत," ती म्हणाली. "आजचा तेवढा घ्या."

दाजी पायरीवर बसले. तिनं आतून पेला आणून त्यांच्या हातात दिला, आणि ते प्यायले. मी सायकलीशी बसून वाट्या सोडवत होतो. सुतळीची गाठ ताईनं फार घट्ट मारली होती. ती काही केल्या सुटेना.